लांब झूमचा कॅमेरा घेताय? आधी रंकाळ्यावर एक सकाळ काढा

लांब झूमचा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो एक्सचा, म्हणजे किती पट झूम याचा आकडा. ५० एक्स, ६५ एक्स, ८३ एक्स, १२५ एक्स. पक्ष्यांचे फोटो काढायचे असोत की पेठेच्या टीमच्या मॅचचे व्हिडिओ, खरेदी याच आकड्यावर ठरते. माझं सांगणं वेगळं आहे. हा आकडा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी शोधा: तुमचा विषय तुमच्यापासून किती मीटरवर असणार, आणि त्या वेळी उजेड किती असणार. मग कॅमेरा झूमच्या शेवटच्या टोकाला, त्याच अंतरावर आणि त्याच उजेडात काय देतो ते स्वतः काढून बघा. कोल्हापुरात याची सोय घराजवळच आहे, त्यामुळे न बघता घ्यायचं काही कारण नाही.

इथे बोलतोय ते लेन्स न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल. निकॉनचे पी९५० आणि पी१०००, कॅननचा एसएक्स७०, पॅनासॉनिकची एफझेड मालिका, सोनीची आरएक्स१० मालिका, हे सगळे याच जातीचे.

आधी अंतर मोजा

एक साधा हिशेब पाठ करून ठेवा. ३६ ला मीटरमधल्या अंतराने गुणा आणि लेन्सच्या 'समतुल्य' (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापातल्या) मिलिमीटरने भागा. उत्तर येतं ते फोटोत मावणाऱ्या दृश्याची रुंदी, मीटरमध्ये.

रंकाळा तलावाच्या काठापासून ५० मीटरवर पाणकावळा बसलाय असं धरा. ६०० मिमीला फ्रेमची रुंदी ३ मीटर येते. पाणकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे फोटोच्या रुंदीचा सहावा भाग. १२०० मिमीला फ्रेम दीड मीटरची होते आणि पक्षी एक तृतीयांश जागा घेतो. २००० मिमीला फ्रेम ९० सेंटिमीटरची, तिथे पक्षी अर्ध्याहून जास्त फोटो भरतो. पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी लांब झूम लागतो तो यामुळे.

आता तोच हिशेब शाहू स्टेडियमला लावा. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद असतो. तुम्ही ७० मीटरवर बसलात तर अख्खा गोल साधारण ३४० मिमीला फ्रेममध्ये मावतो, आणि ६०० मिमीला एक-दोन खेळाडू चांगले भरतात. २००० मिमी तिथे लावलंत तर फ्रेम सव्वा मीटरची होते, आणि धावता खेळाडू त्यात पकडून ठेवणं जवळजवळ अशक्य. खासबागेच्या कुस्ती मैदानात ४० मीटरवरून जोड टिपायची असेल तर ४०० मिमी पुरेसं आहे, कारण फ्रेम ३.६ मीटरची येते आणि दोन्ही मल्ल हातपाय पसरूनही आत राहतात. दाजीपूरच्या अभयारण्यात १०० मीटरवरचा गवा ६०० मिमीला फोटोचा जवळपास निम्मा भाग भरतो.

चंद्र हवा असेल तर तोही हिशेब सोपा आहे. ६०० मिमीला पूर्ण चंद्र फोटोच्या उंचीच्या पाव भागापेक्षा थोडा लहान दिसतो, २००० मिमीला पाऊण उंची भरतो, आणि ३००० मिमीला तो आडव्या फ्रेममध्ये मावतच नाही.

तुम्ही नेहमी जिथे उभे राहता तिथलं अंतर मोबाइलच्या नकाशात काठापासून काठापर्यंत मोजून घ्या. हे केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. निम्म्या लोकांना या एका हिशेबातच कळतं, की आपल्याला २००० मिमीची गरज नाही.

लेन्सवर काय लिहिलंय

एक्सचा आकडा म्हणजे झूमचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक. सोनीचा एचएक्स४००व्ही ५० एक्सचा आणि पॅनासॉनिकचा एफझेड८० ६० एक्सचा, पण दोघंही थांबतात १२०० मिमीलाच. पहिला २४ पासून सुरू होतो, दुसरा २० पासून. म्हणून विचारायचं ते 'शेवटचं टोक किती मिमी', तेही समतुल्य मापात. कॅनन एसएक्स७० चं टोक १३६५ मिमी, निकॉन पी९५० चं २०००, पी१००० चं ३०००, सोनी आरएक्स१० मार्क ४ चं ६००.

लेन्सच्या कडेवर मात्र हे आकडे दिसत नाहीत, तिथे खरं फोकल अंतर छापलेलं असतं. पी९५० वर ४.३-३५७ आणि एफ/२.८-६.५ असं लिहिलेलं सापडेल (एफचा आकडा लहान तितकं उजेड आत घेणारं छिद्र मोठं). आरएक्स१० मार्क ४ वर ८.८-२२० आणि एफ/२.४-४. आता ३५७ ला ६.५ ने भागा: ५५. २२० ला ४ ने भागा: तेही ५५. दोन्ही कॅमेरे टोकाला ५५ मिलिमीटर रुंदीच्या भोकातूनच बाहेरचं जग बघतात. एकाने ती काच लांब पोहोचायला वापरली, दुसऱ्याने मोठ्या सेन्सरला (चित्र टिपणाऱ्या चिपला) उजेड पुरवायला. पी९५० चा सेन्सर १/२.३ इंची, साधारण २८ चौरस मिलिमीटरचा. आरएक्स१० चा १ इंची, साधारण ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौपट. १ इंची सेन्सरवर एफ/६.५ ठेवून २००० मिमी गाठायचं म्हटलं तर भोक ११३ मिलिमीटरचं लागेल, आणि तो कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणं कुणालाच झेपणार नाही. म्हणून 'लांबही जाणारा आणि अंधारातही चालणारा' कॅमेरा शोधण्यात महिने घालवू नका. दोन्हीपैकी तुमचं काम कोणतं, ते ठरवा.

डिजिटल झूमचे आकडे विचारातच घेऊ नका. तो मधला तुकडा कापून मोठा करणं असतं, ते घरी संगणकावरही होतं.

दुकानात

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा आणि काढलेले फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघू द्या म्हणून विचारा. कॅमेरा हातात घेतल्यावर आधी वजनाचा विचार करा. पी१००० जवळपास १.४ किलोचा, पी९५० आणि आरएक्स१० मार्क ४ किलोच्या आसपास, एसएक्स७० साधारण ६०० ग्रॅमचा. दुकानातली पाच मिनिटं आणि मसाई पठारावरची अख्खी सकाळ यांत पुष्कळ फरक पडतो.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडची पाटी पूर्ण झूमला शोधा. लांब टोकाला पाठीमागच्या पडद्याकडे बघत कॅमेरा हात लांब करून धरला की तो हलतोच. डोळ्याला टेकवून, कोपर पोटाशी घेऊन धरला की स्थिर राहतो. त्यामुळे व्ह्यूफाइंडर अंधुक किंवा बारीक असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही मी तो कॅमेरा सुचवणार नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा.

आणखी एक बटण तपासा. पूर्ण झूमला पक्षी फ्रेममधून निसटला की तो परत सापडत नाही. निकॉनच्या या मालिकेत लेन्सच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, झूम परत जागेवर जातो. कॅननमध्येही अशी सोय आहे. नव्या माणसाला ही सोय मेगापिक्सेलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रंकाळ्यावरची चाचणी

दुकानातला डेमो पीस बाहेर मिळत नसेल तर तेच मॉडेल वापरणारा पक्षीनिरीक्षक शोधा. कोल्हापुरात अशी मंडळी कमी नाहीत, आणि एक सकाळ बरोबर काढायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. भाड्याने मिळाला तर त्याहून चांगलं.

सूर्य वर आल्यावर तासाभरात चौपाटीच्या बाजूने उभे राहा. सूर्य पाठीशी येतो आणि तळ्यावर सपाट, स्वच्छ उजेड असतो. वेळ महत्त्वाची आहे. उन्हं तापली की पाण्यावरून आणि डांबरावरून गरम हवा वर उठते, लांबचं दृश्य थरथरायला लागतं आणि महागातला महाग कॅमेराही मऊ, अस्पष्ट फोटो देतो. मार्च ते मे मध्ये दहाच्या पुढे लांबची चाचणी करूच नका. एकदा मुद्दाम भर दुपारी तोच फोटो काढून सकाळच्या शेजारी ठेवा, म्हणजे पुढे कधी कॅमेऱ्याला उगाच दोष देणार नाही.

पहिली चाचणी दगडाची. तळ्यातली जुनी दगडी वास्तू, संध्यामठ, पाण्याबाहेर असेल तर त्याच्या खांबांवर, नाहीतर समोर दिसणाऱ्या कुठल्याही जुन्या दगडी भिंतीवर. अक्षरांची पाटी सोपी असते, कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर तिच्या कडा उठावदार करून फसवतं. दगडाचा पोत, सांध्यातलं गवत, शेवाळ यांत खोटं लपत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ठेवा आणि कॅमेऱ्यातलं, हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण बंद करा. मग ६०० मिमी, १२०० मिमी आणि पूर्ण टोक असे फोटो काढा. घरी आल्यावर १२०० चा फोटो मोठा करून टोकाच्या फोटोशेजारी ठेवा. टोकाच्या फोटोत खरोखर नवा तपशील दिसतोय, की तेच चित्र फक्त मोठं झालंय? लहान सेन्सरवर एफ/८ इतकं लहान छिद्र असलं की प्रकाश पसरतो आणि बारकावे मऊ होतात. हे भौतिकशास्त्र आहे, कारागिरीतला दोष नव्हे. पी१००० च्या शेवटच्या १००० मिमीबद्दल माझं मत म्हणूनच राखीव आहे. चंद्रासाठी आणि थंडीतल्या स्वच्छ सकाळीच त्यांचा खरा उपयोग होतो.

चारही कोपरे बघायला विसरू नका. एक कोपरा स्पष्ट आणि समोरचा धूसर असेल तर लेन्सची काच आत तिरकी बसली आहे. असा नग घेऊ नका, त्याच मॉडेलचा दुसरा मागा.

दुसरी चाचणी हाताची. ट्रायपॉड काढा, स्थिरीकरण चालू करा, पूर्ण झूमला शटर १/२५० सेकंद ठेवून दहा फोटो काढा. जुना नियम सांगतो की २००० मिमीला १/२००० लागतं. स्थिरीकरणामुळे त्यापेक्षा बरंच खाली उतरता येतं, पण किती, ते तुमच्या हातावर अवलंबून आहे. दहातले सहा-सात स्वच्छ आले तर जमलं. दोन-तीनच आले तर १/५०० ला परत करा, आणि मोनोपॉडचा (एका पायाच्या स्टँडचा) खर्च बजेटमध्ये धरा.

तिसरी चाचणी हलत्या पक्ष्याची, आणि खरा कस इथे लागतो. वारकरी पक्षी पाण्यात शांत पोहत असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. मग बगळा उडताना. मग घार. शटर किमान १/१०००, फोकस सतत चालणारा, फोकसचा चौकोन मध्यम. लहान सेन्सरचे बहुतेक कॅमेरे फोकस पुढे-मागे करून स्पष्टता शोधतात, त्यामुळे उडता पक्षी त्यांच्या हातून बऱ्याचदा सुटतो. आरएक्स१० मार्क ४ मध्ये फेज डिटेक्शन (असं न चाचपडता थेट फोकस करणारी सोय) आहे आणि तो सेकंदाला २४ फोटो काढतो, त्यामुळे तो या कामात खूप पुढे आहे. तुमचं मन उडत्या पक्ष्यांत असेल तर ६०० मिमीचा, वेगाने फोकस करणारा कॅमेरा २००० मिमीच्या सुस्त कॅमेऱ्यापेक्षा जास्त फोटो देईल. त्याच्या २० मेगापिक्सेलमधला फक्त मधला पाव भाग कापून ठेवला तरी १२०० मिमीइतकी फ्रेम ५ मेगापिक्सेलमध्ये उरते. मोबाइलवर दाखवायला आणि लहान प्रिंटला तेवढं पुरतं.

फांद्यांआड बसलेल्या खंड्यावरही एकदा फोकस करून बघा. चौकोन सगळ्यात लहान करा. कॅमेरा पुढची काटकी धरून बसतो की पक्षी, हे चार-पाच वेळा बघितलं की कळतं.

उजेड गेल्यावर

संध्याकाळी तिथेच परत या. चौपाटीवरचे दिवे लागेपर्यंत थांबा आणि माणसं, गाडे, पाट्या यांचे फोटो आयएसओ ४००, ८००, १६०० आणि ३२०० ला काढा. १/२.३ इंची सेन्सरला ८०० पर्यंत मी समाधानी असतो. १६०० ला केस आणि पिसं मेणासारखी गुळगुळीत व्हायला लागतात, पुढे तर रंगही उतरतात. १ इंचीला ३२०० पर्यंत काम निभावतं. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, कच्च्या) स्वरूपात साठवता येत असतील तर संगणकावर थोडी सुधारणा होते. पी९५० आणि पी१००० मध्ये रॉ आहे, जुन्या पी९०० मध्ये नाही. सेकंडहँड बाजारात पी९०० स्वस्त दिसतो त्याचं हे एक कारण.

गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेला येतात. खासबागेत मुख्य कुस्ती लागेपर्यंत बहुधा दिवे लागलेले असतात. हेच तुमचे विषय असतील तर पोहोच कमी पण काच उजळ, असा कॅमेरा घ्या. आरएक्स१०, एफझेड१००० किंवा एफझेड२५०० यांपैकी परवडेल तो. तांबड्या मातीत आणखी एक अडचण येते: आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल सांभाळणारी सोय) मातीचा रंग बघून गोंधळतो आणि अंगाचे रंग निळसर करतो. व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवता येतो का, आणि ते करायला मेनूत किती खोल शिरावं लागतं, हे आधीच बघा.

व्हिडिओ

व्हिडिओची चाचणी वेगळी करा, कारण फोटोला चांगला कॅमेरा व्हिडिओला बरा असेलच असं नाही.

पहिल्यांदा फ्रेम बघा. काही कॅमेऱ्यांत ४के निवडलं की दृश्य आणखी कापलं जातं. त्याने लांब टोक अजून लांब होतं, पण रुंद टोक अरुंद होतं आणि मिरवणूक फ्रेममध्ये मावत नाही. फुल एचडी आणि ४के यांत आलटून पालटून बघितलं की लगेच दिसतं.

मग शांत खोलीत चित्रण चालू ठेवून झूम पुढे-मागे करा आणि हेडफोन लावून ऐका. मोटरची घरघर आणि फोकसची टिकटिक आवाजात उतरत असेल तर बाहेरचा माइक लागणार, त्यामुळे माइक जोडायची जागा आहे का ते तपासा. पन्हाळ्यावर आणि मसाई पठारावर वारा इतका असतो की कॅमेऱ्यातल्या माइकवर नुसती फडफड येते, मेनूतला वारा कमी करण्याचा पर्याय तिथे पुरत नाही. बाहेरचा माइक आणि त्यावर केसाळ टोपी, हाच उपाय.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेमवर असेल तर मंडपातल्या आणि मैदानातल्या दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरताना दिसतात. मेनूत २५ किंवा ५० फ्रेम निवडा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हे हाताने करता येत नसेल तर तो कॅमेरा व्हिडिओसाठी अपुरा आहे. दिवसा मात्र उलटी अडचण येते: भर उन्हात १/५० ला चित्र पांढरं पडतं, आणि उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. एफझेड२५०० मध्ये तो आतच बसवलेला आहे. बाकी बहुतेकांना पुढे स्क्रू करावा लागतो, त्यासाठी लेन्सचं माप बघून घ्या: पी९५० ला ६७ मिमी, आरएक्स१० मार्क ४ ला ७२, पी१००० ला ७७.

अर्धा तास सलग चित्रण करून बघा. अनेक मॉडेल २९ मिनिटांच्या आसपास आपोआप थांबतात, काही त्याआधीच तापतात. बरोबरीची कुस्ती लांबली आणि कॅमेरा मध्येच थांबला तर निकालाचा डाव हातचा जातो. १०० मेगाबिटच्या ४के चित्रणाला मिनिटाला ७५० एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं. कार्डावर व्ही३० किंवा यू३ (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं असलंच पाहिजे.

ट्रायपॉडला साधं फोटोचं डोकं असेल तर २००० मिमीला कॅमेरा वळवताना धक्के बसतात. तेलकट, जड फिरणारं व्हिडिओ हेड घ्या. इथे पैसे वाचवू नका, लांब झूमच्या व्हिडिओत ट्रायपॉड निम्मं काम करतो.

गुलाल, पावसाळा आणि जुना कॅमेरा

झूम बाहेर सरकताना लेन्सची नळी बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांवर गुलाल उधळला जातो, गणपतीच्या मिरवणुकीतही तो हवेत असतो. तो नळीत शिरला की घरी निघत नाही, कारण लेन्स वेगळी काढता येत नाही. अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीत गुंडाळा, पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा आणि शक्यतो झूम एका जागी ठेवा. कपडे झटकल्याशिवाय बॅटरीचं झाकण उघडू नका.

आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. चामड्याच्या पिशवीत, कपाटात बंद ठेवलेला कॅमेरा सगळ्यात आधी बिघडतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून झूम पूर्ण फिरवणं, एवढं केलं तरी चालतं. दाण्यांचा रंग बदलला की वाळवून परत ठेवा.

वापरलेला कॅमेरा घेताना हेच उलट्या बाजूने तपासायचं. नळी पूर्ण बाहेर काढून सांध्यांत गुलाबी रेष दिसते का बघा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेत जाळी किंवा धुकं शोधा. आकाशाचा फोटो सगळ्यात लहान छिद्राला, पूर्ण झूमवर काढा. काळे ठिपके एकाच जागी राहिले तर धूळ सेन्सरवर बसलीय. झूम सलग वीस वेळा पुढे-मागे करा. मध्ये अडखळला, करकरला किंवा शेवटच्या टोकाला फोकस धरायला तयार झाला नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी परत द्या. लेन्सची मोटर बदलण्याचा खर्च बहुधा त्या कॅमेऱ्याच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो.

जुन्या मॉडेलची मूळ कंपनीची बॅटरी अजून मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. जुनी बॅटरी पूर्ण भरून अर्धा तास ४के चित्रण केलं तर तिची अवस्था तिथेच कळते. नवा घेत असाल तर भारतातली वॉरंटी असलेलं कार्ड आणि जीएसटीचं बिल, ज्यावर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला सिरियल नंबर लिहिलेला आहे, हे दुकानातून बाहेर पडण्याआधी जुळवून बघा.